निळ्या पंपाचा हिशेब

पाऊस स्थिरावला की या सदराच्या टपालात दम्याची पत्रं वाढतात. भिंतीला ओल धरते, कपाटातल्या कपड्यांना कुबट वास येतो, गाद्यांना ऊन म्हणून मिळत नाही, आणि ज्यांची छाती हळवी त्यांची घरघर सुरू होते. यंदाच्या पत्रांत एकच औषध पुन्हा पुन्हा येतं : सालब्युटामॉल. फार्मसीत ‘अस्थालिन द्या’ म्हणून मागतात, घरात ‘निळा पंप’ म्हणतात, तेच. म्हणून या खेपेला बाकीचे विषय मागे ठेवून त्याचेच प्रश्न घेतले आहेत. दोनतीन उत्तरं त्याच्या भाऊबंदांबद्दलही आहेत.

प्रश्न (फोंडा) : बाबांचं वय ६१, दमा बरीच वर्षं. महिन्याला एक निळा पंप संपतो. मारला की बरं वाटतं, त्यामुळे दुसरं काही घेत नाहीत. डॉक्टरांनी दिलेला दुसरा पंप ‘त्याने काहीच होत नाही’ म्हणून कपाटात पडून आहे. शेजारी सांगतात, पंपाची सवय लागते आणि पंपाने माणसं मरतात. खरं काय?

उत्तर : आधी हिशेब करू. एका पंपात २०० फवारे असतात, प्रत्येकात १०० मायक्रोग्रॅम औषध. तो महिन्यात संपतो म्हणजे बाबा रोज सरासरी सहा-सात फवारे घेतात. दमा ताब्यात असलेल्या माणसाला निळा पंप आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त लागू नये. वर्षाला ३ किंवा अधिक पंप लागले की मोठा अटॅक येण्याचा धोका वाढतो. १२ किंवा अधिक लागले की दम्याने जीव जाण्याचाही. हे आकडे ‘जीना’ या जागतिक दमा मार्गदर्शिकेतले आहेत, आणि तुमचे बाबा त्यातल्या बाराच्या रांगेत बसतात.

दम्यात श्वासनळीच्या दोन भानगडी असतात. नळीभोवतीचे स्नायू आवळतात, ही एक. आतलं अस्तर सुजतं आणि चिकट कफ साठतो, ही दुसरी. सालब्युटामॉल फक्त पहिलीवर चालतं. अ‍ॅड्रिनलिनसारखं ते स्नायूंवरच्या बीटा-२ रिसेप्टरना, म्हणजे औषध पकडणाऱ्या जागांना, चिकटतं, स्नायू सैल पडतात, पाचेक मिनिटांत वाट मोकळी होते. चार ते सहा तासांनी असर उतरतो. सुजेला त्याने हातही लावलेला नसतो. शिवाय रोज घेत राहिलं की रिसेप्टर कमी होत जातात, तेच दोन फवारे पूर्वीइतके पुरत नाहीत, आणि धूळ-धुराला नळी आधीपेक्षा जास्त चिडते. शेजाऱ्यांना याला सवय म्हणायचं तर म्हणोत. तंबाखूसारखं व्यसन हे नव्हे.

‘पंपाने माणसं मरतात’ या भीतीलाही इतिहास आहे. १९६०च्या दशकात ब्रिटनमध्ये आयसोप्रिनालिनचे जादा मात्रेचे पंप निघाले आणि दम्याचे मृत्यू वाढले. १९७६पासून न्यूझीलंडमध्ये फेनोटेरॉलच्या बाबतीत तेच झालं. ही दोन्ही सालब्युटामॉलची दांडगी भावंडं. सालब्युटामॉल १९६९ साली बाजारात आलं ते हृदयाला कमी आणि श्वासनळीला जास्त लागू पडणारं म्हणूनच. त्याचा आजचा धोका निराळा आहे. ब्रिटनमध्ये दम्याच्या मृत्यूंची देशभर छाननी होऊन २०१४ मध्ये अहवाल निघाला. ज्या १६५ मृतांच्या पंपांचा हिशेब लागला, त्यांपैकी ६५ जणांना आदल्या वर्षात बारापेक्षा जास्त निळे पंप लिहून दिलेले होते. पंपाने दर वेळी तेवढ्यापुरतं बरं वाटत गेलं, आणि आतली सूज वाढत होती ती कोणाच्या लक्षात आली नाही.

कपाटात पडलेला पंप हे खरं औषध आहे. त्यात बहुधा ब्युडेसोनाइडसारखं स्टेरॉइड असणार, एकटं किंवा फॉर्मोटेरॉल या श्वासनळी सैल करणाऱ्या औषधासोबत. पेटीवरचं नाव वाचा, रंगावर विसंबू नका, कंपनीगणिक रंग बदलतात. स्टेरॉइड सूज उतरवतं, पण त्याला काही दिवस ते काही आठवडे लागतात. मारल्या मारल्या काहीच जाणवत नाही म्हणून माणूस त्याला टाकाऊ ठरवतो आणि जाणवतं ते औषध मारत सुटतो. ‘स्टेरॉइड’ या शब्दाची धास्ती असेल तर हेही मोजा : रोज ४०० मायक्रोग्रॅम ब्युडेसोनाइड वर्षभर ओढलं तर होतात १४६ मिलीग्रॅम. एका अटॅकमध्ये ४० मिलीग्रॅमच्या हिशेबाने पाच दिवस प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या की होतात २००. दोन औषधं वेगळी असल्याने तुलना काटेकोर नाही, पण निळ्या पंपावर भागवणाऱ्याच्या नशिबी कुठलं स्टेरॉइड जास्त येतं, ते यातून कळतं. ओढलेल्या स्टेरॉइडने तोंडात पांढरी बुरशी येऊ शकते किंवा आवाज बसतो. दर वेळी गुळण्या करून पाणी थुंकून टाकलं की हा त्रास बहुतेक टळतो.

२०१९पासून ‘जीना’ने मोठ्यांच्या दम्यात एकट्या निळ्या पंपावर उपचार करू नयेत असं स्पष्ट म्हटलं आहे. ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा एकच पंप रोजच्यासाठीही आणि धाप लागल्यावरही, अशी पद्धत त्यांनी पुढे आणली. फॉर्मोटेरॉल सालब्युटामॉलइतकंच लवकर चढतं, आणि प्रत्येक फवाऱ्यासोबत थोडं स्टेरॉइड आपोआप पोटात नव्हे, थेट छातीत जातं. मोठ्या माणसासाठी २००/६ ताकदीच्या (फवाऱ्यात २०० मायक्रोग्रॅम ब्युडेसोनाइड, ६ फॉर्मोटेरॉल) पंपाचे दिवसभरात सगळे मिळून १२ फवारे ही कमाल. ४००/६चा पंप असा गरजेप्रमाणे मारायचा नसतो. सालमेटेरॉलचाही नाही, ते उशिरा चढतं. ही अदलाबदल डॉक्टरांना विचारून करा. तोवर निळा पंप एकदम हिसकावून घेऊ नका, खिशात राहू द्या.

६१ वर्षांचे बाबा विडी-सिगारेट ओढत असतील, की वर्षानुवर्षं चुलीच्या किंवा काजूच्या भट्टीच्या धुरात बसले असतील, तर हा दमाच आहे की सीओपीडी, म्हणजे धुराने फुप्फुसं कायमची बिघडण्याचा आजार, हेही तपासायला हवं. गंमत म्हणजे तपासणीतही हेच औषध लागतं : स्पायरोमेट्रीत एकदा फुंकायचं, सालब्युटामॉलचे चार फवारे घ्यायचे, १५ मिनिटांनी पुन्हा फुंकायचं. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा १२ टक्के आणि २०० मिलीलिटर, दोन्हींनी वाढली तर दम्याकडे बोट जातं.

आणि एक काम आजच करा. पंपाच्या धातूच्या डबीवर मार्करने सुरू केल्याची तारीख लिहा. ज्या पंपाला आकडा दाखवणारी खिडकी नसते, त्याचा हिशेब ठेवायला दुसरा मार्ग नाही. हलवून आवाज ऐकणं फसवं, कारण औषध संपल्यावरही वायू उरतो आणि फुसफुस होत राहते. पाण्यात तरंगवून बघणं त्याहून वाईट, झडपेत पाणी शिरतं.

प्रश्न (वाळपई) : मी कॅप्सूलचं यंत्र, रोटाहेलर वापरतो. उन्हाळ्यात ठीक चालतं, पावसात औषध लागतच नाही असं वाटतं. कॅप्सूल बदलू का?

उत्तर : कॅप्सूल बदलण्याआधी ती ठेवता कुठे ते बघा. आतली भुकटी इतकी बारीक असते की ओल लागली की तिचे गोळे होतात. गोळा फुप्फुसापर्यंत जात नाही, घशात आपटतो. तुमच्या सत्तरी तालुक्यात जुलैमध्ये मीठ बरणीत पाझरतं, तिथे उघडी ठेवलेली कॅप्सूल काय टिकणार? ती मूळ बाटलीतच ठेवायची, झाकण घट्ट, वापरायच्या क्षणी एकच काढायची, हात कोरडे. आठवड्याच्या गोळ्यांच्या डबीत भरून ठेवायची नाही. चुलीजवळच्या फळीवर, न्हाणीत, फ्रीजमध्येही नाही. फ्रीजमधून काढली की तिच्यावर दव धरतं.

आता यंत्र. कॅप्सूलचं पारदर्शक टोक खाली करून चौकोनी भोकात बसवा, वरच्या कडेशी समतल होईपर्यंत दाबा. खालचा भाग थांबेपर्यंत फिरवा, कॅप्सूल दुभंगते. तोंड बाजूला करून श्वास बाहेर सोडा. यंत्रात फुंकलात तर तुमच्याच श्वासाची वाफ भुकटीला लागते, आणि पावसाळ्यातली निम्मी तक्रार इथेच असू शकते. मग ओठ मिटून जोरात, एका दमात आत ओढा, १० सेकंद धरा. यंत्र उघडून बघा : भुकटी उरली असेल तर पुन्हा ओढा. ‘जोरात’ हा शब्द महत्त्वाचा, कारण या यंत्राला वायूचा धक्का नसतो, तुमच्या ओढीवरच भुकटी उडते. याच कारणाने ऐन अटॅकमध्ये, दम पुरत नसताना, ते तोकडं पडतं. घरात एक फवाऱ्याचा पंप आणि स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची प्लॅस्टिकची पोकळ नळी, असू द्या.

कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे लोक अजून भेटतात. तिचा दम्याला उपयोग होत नाही.

प्रश्न (म्हापसा) : पंप घेतल्यावर माझे हात थरथरतात, छातीत धडधडतं. ओळखीच्या एकाला थरथरीवर प्रोप्रॅनोलॉलच्या गोळीने गुण आला, मी घेऊ का? दुसरं म्हणजे, आईलाही सौम्य दमा आहे. काचबिंदूचे थेंब सुरू झाल्यापासून तिची धाप वाढली आहे. संबंध असेल का?

उत्तर : ती गोळी घेऊ नका. सालब्युटामॉल ज्या बीटा रिसेप्टरचं दार उघडतं, त्यालाच प्रोप्रॅनोलॉल कुलूप घालतं. थरथर थांबेल खरी, पण श्वासनळी आवळेल आणि मग निळा पंपही चालेनासा होईल. दमेकऱ्याच्या हातात पडू शकणाऱ्या गोळ्यांत याहून घातक गोळी क्वचितच असेल, आणि अर्धशिशी, घबराट, थायरॉइड, रक्तदाब अशा कितीतरी कारणांनी ती लिहून दिली जाते.

आईचा संबंध दाट शक्यतेने आहे. थेंबांच्या बाटलीवर ‘टिमोलॉल’ आहे का बघा. एकटं असेल किंवा दुसऱ्या औषधासोबत असेल. डोळ्यात टाकलेला थेंब नाकात उतरतो, तिथून पोटात न जाता थेट रक्तात मिसळतो, आणि एवढ्याशा थेंबाने दमा उसळू शकतो. टिमोलॉलही प्रोप्रॅनोलॉलच्याच कुळीतलं. पण थेंब आपल्या मनाने बंद करू नका, काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. आजच डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन करून ‘आईला दमा आहे’ एवढं सांगा. लॅटानोप्रोस्टसारखे दुसरे थेंब असतात. धाप जास्त असेल तर फोनची वाट बघू नका, दवाखाना गाठा.

तुमची थरथर औषधाच्याच कामाचा भाग आहे. हातापायांच्या स्नायूंतही तेच रिसेप्टर असतात. साधारण दोन फवाऱ्यांनंतर थोडा वेळ थरथर होऊन जात असेल तर चिंता नाही. स्पेसर लावला की घशातून पोटात जाणारं औषध घटतं, त्याने फरक पडतो. मात्र पायात गोळे येत असतील, खूप अशक्त वाटत असेल, नाडी चुकल्यासारखी वाटत असेल, तर रक्तातलं पोटॅशियम तपासा. सालब्युटामॉल जास्त झालं की पोटॅशियम रक्तातून पेशींत सरकतं. जोडीला लघवी होण्याची गोळी किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या असतील तर ते आणखी घसरतं. (हाच गुण उलटा वापरून, रक्तात पोटॅशियम धोक्याइतकं वाढलेल्या रुग्णाला इस्पितळात १० ते २० मिलीग्रॅम सालब्युटामॉलची वाफ देतात. घरी करायचा हा प्रकार नाही.) मधुमेह असेल तर वाफ घेतलेल्या दिवशी साखर वाढलेली दिसेल, त्याचं कारणही हेच औषध.

प्रश्न (मडगाव) : मुलगा पाच वर्षांचा. सर्दी झाली की छातीत सुईसुई वाजतं. डॉक्टरांनी पंप आणि स्पेसर सांगितला, पण एवढ्या लहान मुलाला पंप नको म्हणून सासूबाई सिरपच द्यायला सांगतात. सिरप सौम्य नाही का?

उत्तर : उलट आहे. सिरपच्या ५ मिलीत साधारण २ मिलीग्रॅम, म्हणजे २००० मायक्रोग्रॅम सालब्युटामॉल असतं. पंपाच्या वीस फवाऱ्यांइतकं ते एका चमच्यात जातं. पोटातून सगळ्या अंगात फिरून मग छातीला पोचतं, चढायला अर्धा तास घेतं, आणि वाटेत मुलाचे हात थरथरवतं, झोप उडवतं, त्याला घरभर नाचवतं. पंपाचे दोन फवारे थेट छातीत जातात, पाच मिनिटांत. सासूबाईंना हा चमचा-फवाऱ्याचा हिशेब मांडून दाखवा. पंप म्हणजे शेवटचं औषध हा समज त्यांच्या काळातला आहे, त्यांचा दोष नाही.

खोकल्याच्या मिश्र सिरपांवरही नजर ठेवा. कफ पातळ करणाऱ्या अँब्रॉक्सॉलसोबत सालब्युटामॉल किंवा त्याचं भावंड टर्ब्युटालीन घातलेली कितीतरी सिरपं मिळतात. सकाळी ते सिरप, दुपारी पंप, संध्याकाळी दवाखान्यात वाफ, असं एकच औषध तीन वाटांनी जातं आणि रात्री मुलाची छाती धडधडते म्हणून धावाधाव होते. छाती वाजत नसेल, नुसता सर्दीचा खोकला असेल, तर या औषधाचा काही उपयोगच नाही.

त्याला माँटेलुकास्ट ही दमा-अ‍ॅलर्जीची गोळीही दिली असेल तर (या वयात ४ मिलीग्रॅम, सहाव्या वर्षापासून ५) त्याच्या झोपेवर आणि स्वभावावर लक्ष ठेवा. वाईट स्वप्नं, कारण नसताना चिडणं, मारामारी, उदास राहणं असं गोळी सुरू झाल्यानंतर दिसलं तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०२०मध्ये या गोळीवर त्यांचा सर्वात कडक इशारा छापायला लावला तो याचसाठी. बहुतेक मुलांना काही होत नाही. पण शाळेत हात उचलू लागलेल्या मुलाला ‘वळण नाही’ म्हणण्याआधी गोळीचं नाव आठवा.

प्रश्न (पेडणे) : घरी वाफेचं मशीन घ्यावं का? पंपापेक्षा वाफेत ताकद जास्त असते ना?

उत्तर : वाफ म्हणतात ती खरी वाफ नव्हे, औषधाच्या पाण्याचं धुकं. मशीनमध्ये ओतायच्या औषधाच्या एका छोट्या नळीत २.५ मिलीग्रॅम सालब्युटामॉल असतं, त्यातलं पुष्कळसं हवेत आणि कपातच उरतं. साध्या-मध्यम अटॅकमध्ये स्पेसरमधून दिलेले चार ते दहा फवारे तेवढंच काम करतात, कमी थरथरीत. स्पेसरला वीज लागत नाही, आणि पेडण्यात वादळी पावसात दिवे केव्हा जातात ते तुम्हाला सांगायला नको. मशीनचा कप रोज धुऊन कोरडा केला नाही तर त्यात जंतू वाढतात, तेच छातीत जातात. अगदी लहान बाळ, अतिवृद्ध, किंवा ज्याला स्पेसर तोंडात धरताच येत नाही अशांसाठी मशीन जरूर घ्या. बाकीच्यांनी ते पैसे स्पेसर आणि चांगल्या पंपावर घालावेत.

नुसता पंप तोंडात धरून मारला तर जेमतेम दहाव्या हिश्श्याच्या आसपास औषध फुप्फुसात पोचतं. बाकीचं घशावर आपटतं. दाब आणि श्वास एकाच क्षणी जुळावा लागतो, तो भल्याभल्यांचा चुकतो. स्पेसरने ती घाई संपते. रीत अशी : टोपण काढून तोंडाच्या भोकात डोकावून बघा, पिशवीतली सुपारी, कागदाचा कपटा, मुंगीसुद्धा निघते. पंप नवा असेल किंवा आठवडाभर पडून असेल तर दोन फवारे हवेत सोडा. नीट हलवा. स्पेसरला लावा, श्वास सोडा, ओठ घट्ट मिटा, एक फवारा, मग सावकाश आत ओढून १० सेकंद धरा. ते जमत नसेल तर साधे चारपाच श्वास घ्या. दुसऱ्या फवाऱ्याआधी अर्धा मिनिट थांबून पुन्हा हलवा. दोन फवारे एकदम स्पेसरमध्ये सोडायचे नाहीत, थेंब एकमेकांना चिकटून भिंतीवर बसतात.

स्पेसर धुताना भांड्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात बुडवा आणि तसाच निथळत ठेवा. फडक्याने पुसलात की प्लॅस्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीला खेचलं जातं. पंपाचं प्लॅस्टिकही आठवड्यातून एकदा, धातूची डबी काढून, नळाखाली धुवा. फवारा तिरपा किंवा कमी येत असेल तर बारीक भोकाशी पांढरी पूड साचलेली असते, तीच अडचण. पावसाळ्यात वाळायला रात्रभर लागतं, म्हणून संध्याकाळचा फवारा झाल्यावर धुणं सोयीचं. घाई असेल तेव्हा ओला पंपही चालवता येतो : पाणी झटका, दोन फवारे हवेत, मग घ्या.

स्पेसर नाहीच आणि वेळ आली, तर अर्ध्या लिटरची पाण्याची प्लॅस्टिक बाटली चालते. बुडाला पंपाच्या तोंडाच्या मापाचं भोक पाडा, पंप घट्ट बसला पाहिजे, फट उरली तर चिकटपट्टी लावा. बाटलीचं तोंड रुग्णाच्या तोंडात. आधी चारपाच फवारे बाटलीत वाया घालवा, म्हणजे स्थिर वीज मरते. दिसायला हे जुगाड वाटतं, पण मुलांवर तपासून बघितलेलं आहे आणि चालतं.

प्रश्न (पर्वरी) : जिममध्ये चरबी उतरवायला ‘क्लेन’ नावाच्या गोळ्या देतात, दम्याचंच औषध आहे, निर्धोक आहे असं सांगतात. माझा भाऊ फुटबॉल खेळतो आणि त्याला व्यायामाने दमा लागतो. त्याने पंप घेतला तर डोपिंगमध्ये सापडेल का?

उत्तर : ‘क्लेन’ म्हणजे क्लेनब्युटेरॉल. काही देशांत माणसांच्या दम्याला ते देतात, पुष्कळ ठिकाणी ते घोड्यांचं औषध आहे. सालब्युटामॉल चार-सहा तासांत उतरतं. याचा रक्तातला अर्धा भाग उतरायलाच दीड दिवसाच्या आसपास लागतो. मात्रा २०-४० मायक्रोग्रॅमची, म्हणजे मोजण्यात जरा चूक झाली तरी दुप्पट-चौपट. आज घेतली, काही वाटलं नाही, उद्या वाढवली, तोवर कालची अंगातच आहे. मग दोन दिवस न थांबणारी धडधड, घाम, उलट्या, पोटॅशियम तळाला, छातीत दुखणं. तरुण, धडधाकट माणसांच्या हृदयाच्या स्नायूला यातून इजा झालेली आहे. बेकायदा बाटलीत लिहिलं तेवढंच असतं याचीही खात्री नाही. ‘वाडा’ या जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या यादीत ते बाराही महिने बंद, स्पर्धा असो-नसो. अल्बेर्तो कोंतादोर या सायकलपटूचं २०१०चं तूर द फ्रान्सचं जेतेपद याच औषधाच्या अंशामुळे २०१२ साली काढून घेतलं गेलं.

भावाचा पंप वेगळा. ओढून घेतलेलं सालब्युटामॉल २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅमपर्यंत चालतं, कुठल्याही आठ तासांत ६००पेक्षा जास्त नको. म्हणजे दिवसाला १६ फवारे, आठ तासांत ६. खेळाआधी १०-१५ मिनिटं दोन फवारे, यात काही अडचण नाही. गोळी किंवा सिरप मात्र बंदीत येतं, आणि एका वाफेच्या नळीतलं २५०० मायक्रोग्रॅम ही मर्यादा एका बैठकीत ओलांडू शकतं. अटॅक आला तर खेळाचा विचार न करता वाफ घ्यायचीच, पण डिस्चार्जचा कागद जपून ठेवायचा आणि उपचारासाठीच्या सवलतीचा अर्ज लगेच करायचा. रोजच सरावाआधी पंप लागत असेल तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यालाही लागू आहे.

प्रश्न (डिचोली) : आजोबा वर्षानुवर्षं धापेसाठी डेरिफायलिनची गोळी घेतात. लघवीच्या संसर्गावर अँटिबायोटिक दिलं आणि दुसऱ्या दिवसापासून उलट्या, हातांना कंप. अँटिबायोटिक लागलं नाही का?

उत्तर : अँटिबायोटिक बहुधा सिप्रोफ्लॉक्सासिन असेल. डेरिफायलिनमधलं थिओफिलिन यकृतात मोडलं जातं, ते काम सिप्रोफ्लॉक्सासिन अडवतं, एरिथ्रोमायसिनही अडवतं. थिओफिलिन साचतं. त्याची उपयोगाची आणि विषाची पातळी अगदी शेजारी-शेजारी आहे : मिलीलिटरला १० मायक्रोग्रॅमला गुण, वीसच्या वर उलट्या, नाडी बिघडणं, पुढे झटके. आजच डॉक्टरांना दोन्ही पाकिटं दाखवा, आणि झटका आला किंवा शुद्ध हरपली तर थेट इस्पितळ. धूम्रपानाने थिओफिलिन लवकर मोडतं, म्हणून आजोबांनी विडी सोडली तरी पातळी चढते. विडी सोडू नका असा याचा अर्थ नव्हे, गोळीची मात्रा तपासून घ्या.

प्रश्न (काणकोण) : चौथा महिना चालू आहे. पंप बंद करू का?

उत्तर : नाही. निळाही नाही, स्टेरॉइडचाही नाही. आईला धाप लागली की बाळाला ऑक्सिजन कमी पडतो, तो धोका पंपापेक्षा कितीतरी मोठा.

प्रश्न (वास्को) : दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुराचे पुतळे जाळतात त्या धुराने नवऱ्याला दर वर्षी अटॅक येतो. पहाटे तीन-चार वाजता नेमकं काय करायचं?

उत्तर : रोजचा स्टेरॉइडचा पंप निदान दोन-तीन आठवडे आधीपासून एकही दिवस न चुकवता चालू हवा, त्या रात्री उशाला घेऊन भागत नाही. खिडक्या लावा, बाहेर जायचंच तर एन-९५ मास्क. अगरबत्ती आणि डासांची कॉइल त्या रात्री राहू द्या.

धाप लागली तर सरळ बसवा, आडवं करू नका. स्पेसरमधून निळ्या पंपाचे चार फवारे, एकेक करून, प्रत्येकाला चार श्वास. चार मिनिटं घड्याळ लावून थांबा. उतार नसेल तर पुन्हा चार, आणि तेव्हाच १०८ला फोन. रुग्णवाहिका येईपर्यंत चार-चार फवारे चालू ठेवा, ‘आता जास्त होईल’ म्हणून थांबू नका. त्या घडीला औषधापेक्षा बंद श्वासनळीचं भय मोठं असतं. डॉक्टरांनी अटॅकसाठी प्रेडनिसोलोन लिहून ठेवलं असेल तर ते लगेच द्या, चढायला काही तास लागतात.

एक वाक्य पुरं बोलता येत नाही, ओठ निळसर, ग्लानी, किंवा बोटाच्या मशीनवर ऑक्सिजन ९२च्या खाली, यांतलं काहीही असेल तर चार मिनिटं मोजत बसू नका, पहिल्या फवाऱ्याबरोबरच १०८. घरघर अचानक थांबली आणि माणूस तरीही तडफडतो आहे, हे सुधारणेचं लक्षण नाही. वाजायलाही हवा आत जात नाही म्हणून छाती गप्प झालेली असते. स्वतःच्या स्कूटरवर मागे बसवून नेऊ नका.

आणि पंपाने बरं वाटलं, पण ते तीन-चार तासही टिकलं नाही, तर लक्ष्मीपूजन वगैरे राहू द्या, सकाळी दवाखाना.

प्रश्न (कळंगुट) : पंप गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवतो. चालेल?

उत्तर : नाही. डबीत दाबाखालचा वायू असतो, ५० अंशांच्या वर ती फुटू शकते, आणि एप्रिलच्या उन्हात किनाऱ्यावर उभ्या केलेल्या बंद गाडीत ते तापमान सहज गाठलं जातं. खिशात ठेवा, टोपण लावून.